नांगर

लष्करच्या सराफ्यात, मे महिन्याच्या भर दुपारी,
निंबटकरांच्या सूनबाईंनी पेटी उघडली
तेव्हा आधी वास आला. चांदीचा नव्हे,
चांदीला वास नसतो. डांबरगोळीचा,
आणि निळ्या मखमलीत मुरलेल्या जुन्या चिंचेचा.

"सगळं एकदम तोलून टाका," त्या म्हणाल्या.
मी म्हटलं, एकेक घेऊ.

माशाच्या सुऱ्या बारा.
पात्यावर कोरलेला मासा, डोळ्यासकट, खवल्यांसकट.
त्यांच्या घरात मासा कधी शिजला नाही,
तर सुऱ्यांनी वड्या पाडल्या गेल्या.
तीन पिढ्यांच्या नारळवड्यांखालून
एक विलायती मासा पोहत गेला.

साखरेचा चिमटा, टोकाला सिंहाचे पंजे.
पंजे काळे पडलेले. धुपाटण्यात निखारा ठेवून ठेवून.

मग एक लहानशी कात्री:
मुठींना वेलींचे वळसे, खिळ्यापाशी कोल्हा,
मान वर करून घोसाकडे बघणारा.
"ही वातींची," बाई म्हणाल्या.
"समईची काजळी सासूबाई हिनंच कातरायच्या."
ही द्राक्षांची, असं मी बोललो नाही.
कोल्ह्याच्या नाकावर काजळी होती
आणि द्राक्षं त्याला तशीही मिळणार नव्हतीच.

आणि सगळ्यावर ते पान.
चमच्याच्या दांड्यावर, तबकाच्या काठावर,
कातरलेलं, काटेरी, टोकाशी वळून परत आत येणारं.
बत्तीस वर्षं हे पान मी भिंगाखाली पाहतो आहे,
झाड पाहिलेलं नाही.
फार तर पिवळा धोत्रा,
स्टेशनामागच्या रुळांलगत उगवतो तो,
त्याचं पान थोडं असं असतं.
पण धोत्र्याला कोण चांदीत घालतं?

शेवटी फडक्यातून निघालं ते मोठं धूड.
टेबलाच्या मधोमध ठेवायचं.
खजुराचं झाड, फांद्यांवर काचेच्या वाट्यांसाठी कड्या,
वाट्या फुटून गेलेल्या.
झाडाखाली उंट, उंटाशेजारी पागोट्यातला माणूस.
बहुधा आपलाच कोणी,
आपल्याला न बघता कोणीतरी घडवलेला.
पागोटं उलट्या बाजूनं बांधलं होतं.

उंटाच्या पाठीवर चांदी संपली होती.
मी तिथे नुसतं बोट ठेवलं.
"तांबं आहे, वहिनीसाहेब. वर मुलामा."

त्या काही बोलल्या नाहीत. कूलरचं पाणी टपकत राहिलं.
मग मीच विचारलं, हे घासायचं कोण?
"होता एक. दामू… नाही, तुळाजी.
दसऱ्याच्या आधी आठ दिवस मागच्या पडवीत बसायचा.
आधी उंट घ्यायचा, आणि उंटापाशीच रेंगाळायचा.
मामंजी ओरडायचे."
मुलामा गेला होता तो अंगठ्याएवढाच.
बाकी उंट कोरा करकरीत.

चमचे उलटे करून शिक्के बघितले.
चालता सिंह. राणीचं डोकं. एक अक्षर.
आणि नांगर, बर्मिंगहॅमचा.
त्या गावाला म्हणे समुद्र नाही.
ग्वाल्हेरलाही नाही.

"तो नांगर ना?" बाई पुढे वाकल्या.
"मामंजी मुलांना दाखवायचे.
आपल्या इनामाची खूण आहे म्हणायचे,
पाच गावांची. विलायतेलासुद्धा ठाऊक होतं म्हणायचे."
गावं सीलिंगमध्ये गेली.
चमच्यांच्या पाठीवर ज्वारीच्या दाण्याएवढी
नांगरट तेवढी उरली.

"हो," मी म्हणालो, "नांगरच आहे."
खोटं बोललो नाही.
भाषेनं मला सांभाळून घेतलं.

तोल झाला चार किलो तीनशे बारा.
उंट त्यात धरला नाही. तो त्यांनी
काउंटरवरच ठेवला; विसरल्या की सोडून गेल्या,
मी विचारलं नाही.

रिक्षात बसल्या आणि उतरून परत आल्या.
"ती कात्री तेवढी द्या.
संध्याकाळी लागते."

मी पावती फाडली. नवी लिहिली,
एकसष्ट ग्रॅम वजा करून.